जुळ्यातले धाकटे काका बाबांपेक्षा पंधरा वर्षांनी थोरले कसे दिसायला लागले?

पंचगंगाकाठ
शनिवार, रात्री १०:१२

मंडळी नमस्कार, बऱ्याच महिन्यांनी धागा काढतोय, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

गेल्या रविवारी बाबांची आणि काकांची पंचाहत्तरी केली. दोघं जुळे. जुळे म्हणजे अगदी हुबेहूब, आज्जीला सुद्धा ओळखू यायचं नाही म्हणून काकांच्या पायात काळा दोरा बांधलेला असायचा, आणि बाबांच्या वाटणीच्या छड्या काकांनी खाल्ल्याचे किस्से आत्या अजून रंगवून सांगते. तर हॉलवर औक्षणाच्या वेळी आचाऱ्याच्या माणसानं दोन पाट मांडले आणि काकांना म्हणाला, "थोरल्या आजोबांनी उजवीकडं बसा." सगळे हसले, काका पण हसले, पण मला जरा कसंतरीच झालं. कारण काका अकरा मिनिटांनी धाकटे आहेत.

आणि त्या माणसाची काही चूक नव्हती ओ. घरी येऊन मोबाईलवर फोटो बघितले तर खरंच काका पंच्याऐंशीचे वाटतात आणि बाबा सत्तरीचे. काकांच्या तोंडावर सुरकुत्यांचं जाळं, मानेची कातडी वापरलेल्या चपलेसारखी (ही उपमा त्यांचीच, माझी नाही).

बाबा हायस्कूलला मास्तर, आयुष्यभर शिवाजी पेठेतनं सायकलवर शाळा आणि शाळेतनं घर, सुपारीचं खांड तोंडात टाकलं नाही. काकांचा स्वतःचा ट्रक. शाहू मार्केट यार्डातनं गूळ भरायचा आणि गुजरात गाठायचं, ३४ वर्षं हेच, विडी कायम, जेवण धाब्यावर आणि झोप मिळेल तिथं.

इथपर्यंत सोपं आहे. पण पुढं ऐका. टक्कल दोघांना एकाच सुमाराला आणि एकाच आकाराचं पडलं, मागनं बघितलं तर मी अजून फसतो. मोतीबिंदू दोघांचा एकाच वर्षी. आणि शुगर मात्र बाबांना! १८ वर्षं गोळ्या चालू आहेत, काकांना काही म्हणजे काही नाही. जोतिबाला गेलं की काका पायऱ्या चढून वर जाऊन गुलाल लावून बसलेले असतात आणि बाबा अर्ध्यात धापा टाकत.

मग नक्की म्हातारं कोण झालंय? आणि हे रक्तानं ठरतं का राहणीनं?

कागलकर
शनिवार, रात्री १०:२०

ट्रक + विडी. विषय संपला भावा.

लाल_माती
शनिवार, रात्री १०:४१

कसला संपला. रक्त असतंय रक्त. आमच्या आज्जानं आख्खा जन्म तंबाखू मळली, वर पहाटे उठून म्हशीची धार तोंडात पिळून घ्यायचा, ९६ ला गेला ते पण शेतातनं येऊन भाकरी खाऊन झोपला तो उठलाच न्हाई. आमच्यात कुणी नव्वदीच्या आत जात न्हाई. विडीनं माणूस मरतोय म्हणता तर आज्जा कसा जगला?

पुण्यात_अडकलेला
शनिवार, रात्री १०:५५

९६ हे कुणी मोजलं? आज्जाचा जन्म १ जूनचा का? ;)

आमच्या गल्लीत निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस १ जूनला येतो, गुरुजींनी शाळेत घालताना उंची बघून साल टाकलेलं असायचं. मस्करी नाही करत, शंभरीच्या वरच्या लोकांचं संशोधन ह्याच खड्ड्यात पडलंय. सॉल न्यूमन म्हणून एक संशोधक आहे, त्यानं दाखवून दिलं की ११० वर्षांचे लोक जिथं भरमसाठ दाखवले जातात तिथं बऱ्याचदा जन्माच्या नोंदीच धड नसतात. अमेरिकेत ज्या ज्या राज्यात जन्मदाखले सुरू झाले तिथं अशा लोकांचा आकडा ६९ ते ८२ टक्क्यांनी खाली आला. माणूस जास्त जगत नव्हता, कागद जगत होता. ह्या कामाला २०२४ चं इग नोबेल मिळालं, ते हसवून मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात.

लाल_माती
शनिवार, रात्री ११:०३

आज्जा शाळेतच गेला न्हाई तर गुरुजी कुठनं येतोय. शाहू महाराज वारले तवा आज्जा पाच वर्षांचा, गावात चूल पेटली नव्हती ते त्याला आठवायचं. २०१३ ला गेला. कर हिशोब पुण्याचा.

पुण्यात_अडकलेला
शनिवार, रात्री ११:०९

१९२२ वजा ५ म्हणजे १९१७, २०१३ ला ९६. बरोबर बसतंय. माफी असावी, आज्जांना नमस्कार.

जीवशास्त्राच्या_बाई
रविवार, सकाळी ७:३०

सकाळी चहा घेता घेता धागा वाचला, राहवेना. ३० वर्षं ज्युनिअर कॉलेजला हेच शिकवलंय त्यामुळं जरा लांब लिहिणार, पोरांनो शांत बसा.

पंचगंगाकाठ, तुमच्या घरात निसर्गानं फुकटात प्रयोग लावून दिलाय बघा. हुबेहूब जुळे म्हणजे एकाच फलित बीजाचे दोन भाग झालेले, जनुकं दोघांची तीच. त्यामुळं दोघांत जो फरक दिसतोय तो जनुकांच्या नावावर टाकता येत नाही. आणि टक्कल, मोतीबिंदू असं जे सारखं आलंय त्यात जनुकांचा हात असण्याची शक्यता मोठी, पण तेही नक्की म्हणता येत नाही कारण बालपण आणि घर पण सारखंच असणार ना.

आता एका जोडीवरनं काही सिद्ध होत नाही, म्हणून डेन्मार्कमधल्या लोकांनी २८७२ जोड्या घेतल्या. तिकडं जुळ्यांची सरकारी नोंदवही फार जुनी आहे, १८७० ते १९०० मध्ये जन्मलेले जुळे घेतले आणि कोण किती जगलं ते बघितलं. हुबेहूब जुळ्यांची वयं एकमेकांशी किती जुळतात आणि साध्या भावंडांसारख्या जुळ्यांची किती, ह्या फरकावरनं हिशोब काढला तर आयुष्याच्या लांबीतल्या फरकात जनुकांचा वाटा पुरुषांत २६ टक्के आणि बायकांत २३ टक्के आला. हा १९९६ चा अभ्यास, अजून सगळीकडं तोच आकडा फिरतो.

मग २०१८ मध्ये अमेरिकेत वंशावळी गोळा करणाऱ्या एका कंपनीच्या माहितीवर काम झालं, ४० कोटींच्या वर माणसं. त्यात एक भलतीच गोष्ट निघाली. आपल्या सख्ख्या भावाचं आयुष्य आपल्याशी जुळतं हे ठीक आहे, पण मेहुणा, साडू, जाऊ, म्हणजे रक्ताचा काडीचा संबंध नसलेले सोयरे, त्यांची पण आयुष्यं एकमेकांशी जुळत होती! का तर माणूस सोयरीक आपल्यासारख्याच घरात करतो. तेच खाणं, तीच ऐपत, तेच शिक्षण. ते सगळं इतके दिवस रक्ताच्या खात्यात जमा होत होतं. ते वजा केलं तर जनुकांचा वाटा दहा टक्क्यांच्या पण खाली गेला.

लाल_माती, तुमच्या घराण्यात सुना कुठल्या घरातनं आणल्या ते पण बघा एकदा.

लाल_माती
रविवार, सकाळी ७:५२

बाई आमची आज्जी पण ९१. 😄

कागलकर
रविवार, सकाळी ८:१०

म्हणजे १० टक्के रक्त ९० टक्के राहणी. मी काय म्हणालो होतो?

जीवशास्त्राच्या_बाई
रविवार, सकाळी ८:२५

नाही नाही, इथंच सगळे घसरतात. १० टक्के म्हणजे तुमच्या ८० वर्षांतली ८ वर्षं जनुकांनी दिली आणि ७२ राहणीनं, असा अर्थ नाही. गर्दीत माणसामाणसात जो फरक असतो त्या फरकाचा तो वाटा आहे, एका माणसाचा नाही. शिवाय तो आकडा दगडावरची रेघ पण नाही. इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या लोकांनी हिशोब मांडलाय की अपघात, साथीचे रोग असली बाहेरनं येणारी मरणं बाजूला काढली तर जनुकांचा वाटा ५० टक्क्यांच्या आसपास जातो. १८७० ला जन्मलेला माणूस क्षयानं किंवा न्यूमोनियानं तिशीत गेला तर त्याची जनुकं ९५ ची होती का ७० ची, कळणार कसं?

पुण्यात_अडकलेला
रविवार, सकाळी ८:३१

बाई १०, २५, ५०... ठरवा काहीतरी. बाजारात भाव पण इतका हलत नाही.

शिरोळचा_ऊस
रविवार, सकाळी ११:१८

बाई सांगत्यात ते मला बरोबर कळलं कारण माझ्या रानात तेच हाय. लिहितो जरा, चुकलं तर सांगा.

आमच्यात सगळीकडं ८६०३२ जातीचा ऊस. आता उसाचं बियाणं म्हंजे काय ज्वारीसारखं बी नसतंय, एका उसाची कांडी तोडून लावायची आणि तिला डोळा फुटतोय. म्हंजे आख्ख्या शिवारातला ८६०३२ हा एकमेकाचा जुळाच झाला की. तरी माझ्या वरच्या पट्टीत एकरी ६० टनाच्या खाली येत न्हाई आणि वड्याकडंच्या पट्टीत ३० ला रडतोय, कारण तिकडं पाणी दिऊन दिऊन रान क्षारपड झालंय, उन्हाळ्यात वर पांढरं मीठ फुटलेलं दिसतंय. बियाणं एकच, लावणी एकाच आठवड्यात, खत पण तेच.

मग तीन वर्सांमागं त्या खालच्या पट्टीत २६५ ही दुसरी जात लावली. त्यो खाऱ्या रानात तग धरतोय. ४५ नं उतरला. आणि वरच्या पट्टीत दोन्ही लावून बघितलं तर काय फारसा फरक न्हाई.

आता मला सांगा फरक बियाण्याचा का रानाचा? वरच्या रानातला माणूस म्हणणार बियाण्याला काय किंमत न्हाई, कुठलंबी लावा. खालच्या रानातला म्हणणार बियाणंच सगळं. दोघं बी खरं बोलत्यात पण आपापल्या बांधावर बसून.

जीवशास्त्राच्या_बाई
रविवार, सकाळी ११:३५

शिरोळचे दादा, हात जोडले. ३० वर्षं वाटाण्याची झाडं आणि पांढरे उंदीर ह्यावर काढली आणि जिल्हाभर ऊस उभा असताना हे सुचलं नाही मला. एवढं एकच उदाहरण दिलं असतं तर निम्मा वर्ग झोपला नसता.

आक्का_राजारामपुरी
रविवार, दुपारी ३:०५

मी नुसतं वाचत बसलो होतो, पण आता लिहितो. सासूबाई साडेपाच वर्षं अंथरुणात होत्या. मी एकटी. रात्री दोनदा उठून कूस बदलायची, सकाळी अंग पुसायचं, वर पोरांचा डबा. पहिल्या वर्षी माझं केस काळंभोर होतं, तिसऱ्या वर्षी निम्मं पांढरं. माझी सख्खी बहीण माझ्याहून चार वर्षांनी मोठी, तिचं अजून काळं हाय. लोक म्हणतात काळजीनं केस पिकतात ते खोटं असतंय, वयानं पिकतात. मला तर पटत न्हाई. बाई तुम्ही सांगा.

पुण्यात_अडकलेला
रविवार, दुपारी ३:११

आक्का "वाचत बसलो होतो"??

आक्का_राजारामपुरी
रविवार, दुपारी ३:१४

आम्ही कोल्हापूरच्या बायका बसलोच म्हणतो. तू पुण्यात जाऊन विसरलास व्हय रे?

जीवशास्त्राच्या_बाई
रविवार, दुपारी ४:००

(मी पण घरी तसंच बोलतो, आक्का. इथं आपलं मास्तरणीचं लिहायचं.)

तुमचं म्हणणं वाऱ्यावरचं नाही. २०२० मध्ये हार्वर्डच्या लोकांनी उंदरांवर दाखवलं की ताण आला की केसाच्या मुळाशी येणाऱ्या नसा नॉरअॅड्रेनलिन नावाचं रसायन सोडतात आणि रंग करणाऱ्या पेशींचा मूळ साठाच भसाभस खर्च होऊन जातो, परत भरत नाही. मग २०२१ ला कोलंबिया विद्यापीठात १४ माणसांचे केस उपटून एकेक केस लांबीनं तपासला, कारण केस म्हणजे वाढताना मागं ठेवलेली रोजनिशीच असते, आणि त्या माणसांना विचारलं की कुठल्या आठवड्यात ताण होता. एकजण मध्ये सुट्टीवर गेलेला, त्याचे पाच केस त्या दिवसांत पांढऱ्याचे परत काळे झाले होते. पाचच हं! लगेच महाबळेश्वरचं बुकिंग करू नका. एकदा पूर्ण पिकून वर्षं गेली की परत फिरत नाही असंच त्यांना वाटतं. आणि केस कुठल्या वयात पिकायला लागणार ह्यात जनुकांचा हात आहेच, पण बहिणीची जनुकं तुमच्याशी साधारण निम्मीच जुळतात, जुळ्यासारखी शंभर टक्के नाहीत.

पण आक्का, तुमच्यासाठी खरा अभ्यास दुसराच आहे. पेशीतल्या गुणसूत्रांच्या टोकाला टोपणं असतात, टेलोमिअर म्हणतात, चपलेच्या वादीचं टोक उसवू नये म्हणून बांधून घेतात ना तसं. पेशी दुभागली की ते थोडं आखूड होतं. २००४ मध्ये एलिझाबेथ ब्लॅकबर्न आणि एलिसा एपेल वगैरेंनी ५८ आया तपासल्या, त्यातल्या बऱ्याच जणींच्या घरात कायमचं आजारी मूल होतं. ज्या जितकी जास्त वर्षं निगा करत होत्या त्यांची टोपणं तितकी आखूड. आणि सगळ्यात जास्त ताण वाटणाऱ्या बायकांची टोपणं कमी ताणवाल्यांच्या मानानं निदान दहा वर्षं जास्त म्हातारी निघाली. ब्लॅकबर्नबाईंना पुढं २००९ ला टेलोमिअरच्याच कामासाठी नोबेल मिळालं.

आक्का_राजारामपुरी
रविवार, दुपारी ४:२२

दहा वर्षं. हं.

आमच्या ह्यांना वाचून दाखवलं. काय बोलले न्हाईत, उठून चहा केला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

लाल_माती
रविवार, संध्याकाळी ६:४०

आक्का ❤️

माझं मत जरा बदलाय लागलंय म्हणून लिहितो. तालमीत मी लहानपणापासनं जुने पैलवान बघितलेत. एकेकाळी खासबागेत ज्यांच्या कुस्तीला मैदान गच्च भरायचं असली माणसं. मेहनत करत होती तवर पन्नाशीत पण तिशीची वाटायची. पण कुस्ती सुटली आणि खुराक तोच राहिला, तूप तेच, थंडाई तीच, मटण तेच, आणि जोर-बैठका बंद, की पाच वर्षांत माणूस ओळखू येत न्हाई. गुडघे जातात, बीपी, शुगर. आणि त्याच तालमीतला, कधी नाव न झालेला एक गडी पाठीवर माती टाकून अजून सकाळी आखाडा उकरतो, अठ्ठ्याहत्तरचा हाय. रक्त दोघांचं पैलवानाचंच. मग आता आज्जाचं काय म्हणायचं, तो शेवटच्या दिवशी पण शेतातनंच आलेला.

फक्त तंबाखूचं कोडं सुटत न्हाई.

जीवशास्त्राच्या_बाई
रविवार, संध्याकाळी ७:१५

त्यात कोडं काही नाही. तंबाखू मळून ९६ गाठलेला आज्जा सगळ्या गावाला माहीत असतो. त्याच्याच वयाचे, तंबाखू खाऊन पंचावन्नला तोंडाच्या कॅन्सरनं गेलेले चौघं कुणाला आठवत नाहीत. त्यांची नातवंडं इथं "आमच्यात कुणी साठी गाठत नाही" म्हणून धागा काढत नाहीत.

सिगरेटचं तर ५० वर्षं मोजून झालंय. इंग्लंडमध्ये रिचर्ड डॉल ह्यांनी १९५१ पासनं डॉक्टरांच्याच सवयी लिहून घेतल्या, ३४ हजारांवर पुरुष डॉक्टर. २००४ ला निकाल आला, ओढणारे सरासरी दहा वर्षं आधी गेले. आणि पंचगंगाकाठ, काकांना सांगा, साठाव्या वर्षी सोडणाऱ्यांना पण तीन वर्षं परत मिळाली होती, पन्नाशीत सोडणाऱ्यांना सहा.

उद्यमनगरी
रविवार, रात्री ९:५०

मी फौंड्रीत पॅटर्न करतो. आमचं डोळ्यांचं काम असतंय, कास्टिंग हातात घेतलं की कुठली बाजू ओढली गेलीय ते बघायची सवय लागल्या. म्हणून एक प्रश्न.

काकांच्या तोंडाची उजवी बाजू आणि डावी बाजू सारखीच म्हातारी हाय का?

पंचगंगाकाठ
रविवार, रात्री १०:०२

हा काय प्रश्न दादा? बघितलं नाही. का?

उद्यमनगरी
रविवार, रात्री १०:१५

मागं एक फोटो बघितलेला, डोक्यातनं जात न्हाई. अमेरिकेतला ६९ वर्षांचा माणूस, २८ वर्षं मालाचा ट्रक चालवलेला. डॉक्टरी मासिकात २०१२ ला छापलेला. त्याच्या तोंडाची डावी बाजू बघितली तर वीस वर्षांनी म्हातारी वाटत होती उजवीपेक्षा, कातडी जाड, लोंबलेली, खोल घड्या. एकच माणूस, एकच तोंड. तिकडं ड्रायव्हर डावीकडं बसतोय ना, खिडकीतनं ऊन त्याच बाजूला. काच बंद असली तरी उन्हातला एक प्रकार काचेतनं आरपार येतो, त्यानं अंग भाजत न्हाई म्हणून कळत पण न्हाई, पण कातडीच्या आतली वीण उसवतो.

आपल्यात ड्रायव्हर उजवीकडं. म्हणून विचारलं.

जीवशास्त्राच्या_बाई
रविवार, रात्री १०:२१

वा! हा तर जुळ्यांपेक्षा पण पक्का प्रयोग. जनुकं तीच, जेवण तेच, विडी तीच, झोप तीच, फक्त ऊन वेगळं.

पंचगंगाकाठ
सोमवार, रात्री ९:३०

मंडळी, आज संध्याकाळी काकांकडं जाऊन आलो. सगळं सांगतो.

आधी शुगरचं. आत्या पण तिथं होती, तिनं एक गोष्ट सांगितली जी मला आजवर माहीत नव्हती. जन्मले तेव्हा काका बऱ्यापैकी बाळसेदार आणि बाबा अगदीच किडमिडे, "उंदराएवढं" असा तिचा शब्द. आज्जीला दूध पुरेना म्हणून दोन महिन्यांनी काकांना आजोळी राधानगरीकडं पाठवलं, तिथं पाच वर्षाचे होईपर्यंत होते. घरात म्हशी, रान, दिवसभर हुंदडणं. बाबा इथं पेठेत दोन खोल्यांत. म्हणजे बालपण पण सारखं नव्हतं, बाई! पोटात असल्यापासनंच वाटण्या वेगळ्या झालेल्या.

जीवशास्त्राच्या_बाई
सोमवार, रात्री ९:४४

हे महत्त्वाचं सांगितलंत. जन्माला येताना वजन कमी असलं तर पुढं मधुमेहाचा धोका वाढतो हे बऱ्याच ठिकाणी दिसलंय आणि ह्यातलं मोठं काम आपल्या पुण्यातच झालंय, के. ई. एम. हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासनं आयांना गरोदरपणापासनं आणि मग त्यांच्या पोरांना मोजत आलेत. आपली बाळं दिसायला वाळकी पण त्या मानानं चरबी राखून असलेली, हे त्यातनं पुढं आलं.

त्यांचा एक फोटो प्रसिद्ध आहे. याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडचे सहकारी युडकिन, दोघं शेजारी उभे, उंचीवजनाचं गणित म्हणजे बीएमआय दोघांचं अगदी सारखं, २२.३. आणि अंगातली चरबी? युडकिनसाहेबांची ९.१ टक्के, आपल्या डॉक्टरांची २१.२. म्हणून बारीक अंगकाठीवर जाऊ नका. तुमचे बाबा तरुण दिसतात, सडपातळ आहेत, ते आतल्या, शुगर सांभाळणाऱ्या स्वादुपिंडाला माहीत नसतं.

पण परत सांगते, एका जोडीवरनं "म्हणूनच शुगर झाली" असं छातीठोक म्हणता येणार नाही. असू शकतं इतकंच.

पुण्यात_अडकलेला
सोमवार, रात्री ९:५०

बाई, थुंकी पाठवली की जनुकं तपासून देतात ना आता, दोघांची करून टाका की.

जीवशास्त्राच्या_बाई
सोमवार, रात्री ९:५८

दोघांची एकच येईल रे बाबा, जुळे आहेत ते! दुप्पट पैसे जातील फक्त.

हां, त्यापेक्षा जनुकांवर बसलेल्या खुणा बघतात ती तपासणी वेगळी. स्टीव्ह हॉर्व्हाथ ह्यांनी २०१३ मध्ये ३५३ जागा शोधल्या, तिथल्या रासायनिक खुणा वाचून वय सांगता येतं. त्यात मात्र जुळ्यांत फरक सापडू शकतो, पुस्तक तेच पण पेन्सिलीच्या खुणा वेगवेगळ्या. पण घरी करून उपयोग काय? काका-बाबांना कळून ते काय वेगळं करणार आहेत?

कागलकर
सोमवार, रात्री १०:०१

ओ ते गालाचं राहिलं. उजवा का डावा??

पंचगंगाकाठ
सोमवार, रात्री १०:२०

तेच सांगायला आलोय, मध्ये बाईंचा तास सुरू झाला.

काकांना खुर्चीत बसवलं, ट्यूबलाइटखाली. पहिल्यांदा त्यांना वाटलं डोळे तपासतोय. मी डावीकडनं बघितलं, मग उजवीकडनं. मंडळी, अंगावर काटा आला. इतकी वर्षं समोर बसून जेवतोय आणि कधी दिसलं नाही. उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यापासनं कानापर्यंत खोल घड्या, गालाची कातडी जाड आणि बारीक काळे ठिपके, खालची पापणी लोंबलेली. डावीकडं सुरकुत्या आहेत पण बारीक, बाबांच्या आहेत तसल्याच. मधोमध हात धरला आणि डावी बाजू तेवढी बघितली तर बाबाच. उजवा हात पण तसाच, कोपरापासनं खाली, कारण तो खिडकीवर टेकवलेला असायचा.

काकांना विचारलं, काका गुजरातला जाताना तोंड उत्तरेला, मग ऊन एकाच बाजूला कसं? तर म्हणाले, "पहाटं निघायचो की रं. जाताना उत्तरंला तोंड, उजवीकडं पूर्व, सकाळचं ऊन खिडकीत. येताना दक्षिणेला तोंड, उजवीकडं पश्चिम, दुपारनंतरचं ऊन परत खिडकीतच. जेवायला आणि झोपायला थांबायचो ते नेमकं भर दुपारी, सूर्य डोक्यावर असताना." खिडकीला ओला टॉवेल लावायचे, पण आरसा दिसत नाही म्हणून निम्मा वर गुंडाळून.

विडीचं पण विचारलं. मागच्या दिवाळीपासनं बंद आहे म्हणाले, काकू मागनं मान हलवत होत्या.

बाईंना एकच विचारायचंय, कातडी म्हातारी झाली म्हणजे आतनं पण म्हातारं झालं असं असतं का? काका जोतिबा चढतात म्हणून विचारतोय.

जीवशास्त्राच्या_बाई
सोमवार, रात्री १०:४०

खरं सांगू का, थोडं असतं आणि थोडं नसतं. त्याच डेन्मार्कात सत्तरीच्या पुढच्या १८२६ जुळ्यांचे फोटो काढून परक्या माणसांना दाखवले आणि अंदाजे वय विचारलं. जो दिसायला जास्त म्हातारा वाटला तो आधी जाण्याचं प्रमाण जास्त होतं, आणि दोघांच्या दिसण्यात फरक जितका मोठा तितकं हे ठळक. २००९ चा अभ्यास. आचाऱ्याच्या माणसानं केलं तेच काम तिथं नर्सबायकांनी केलं.

पण त्यात फोटोतलं तोंड पूर्ण होतं, आणि तोंड नुसत्या उन्हानं म्हातारं होत नाही. तुमच्या काकांची अर्धी बाजू उन्हाची आहे आणि पायऱ्या चढणारे गुडघे, फुप्फुस त्यांचे स्वतःचे. उलट बाबांना चालायला लावा, शुगर आहे तर. आणि काकांच्या उजव्या गालावर एखादा ठिपका वाढत असेल, खरबरीत होऊन रक्त येत असेल तर कातडीच्या डॉक्टरांना दाखवून घ्या, तेवढं टाळू नका.

शिरोळचा_ऊस
सोमवार, रात्री १०:५२

म्हंजे काकांच्या तोंडावर पण एक पट्टी वरची आणि एक वड्याकडची.

पंचगंगाकाठ
सोमवार, रात्री ११:०५

😄 उद्या सांगतो त्यांना.

निघताना मी काकांना तो अमेरिकेतल्या ड्रायव्हरचा फोटो मोबाईलवर शोधून दाखवला. बराच वेळ चष्मा वरखाली करून बघत होते. मला वाटलं वाईट वाटलं की काय. तर म्हणाले, "गडी चांगला हाय, सरळ रस्त्याला असणार, आमच्यासारखे घाट न्हाईत त्याला." मग जरा थांबून, "म्हंजे माझी उजवी बाजूच तेवढी थोरली म्हणतोस?"

म्हटलं हो काका.

"मग पंचाहत्तरीला डावीकडनं फोटो काढायचा की रं, गाढवा."

आक्का_राजारामपुरी
सोमवार, रात्री ११:१२

काढून इथं टाका. डावीकडचा.